चार तासांची वाट

गांधीलमाशी चावली तेव्हा भूगोलाचे मास्तर चक्क हसले. "चला, जंगलाने स्वागत केलं एकदाचं," म्हणाले आणि मान चोळत पुढे निघाले. पाच मिनिटांत ओठ सुजले. दहाव्या मिनिटाला ते एका मुळावर मटकन बसले आणि त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

बायकोचं धाबं दणाणलं. होडीतून उतरल्यापासून तीन तास ते चालत होते. आभाळ दिसू नये इतकी दाट झाडी, खाली चिखल, पोटऱ्यांना जळवा. लॉजच्या जाहिरातीत लाकडी घराच्या फोटोखाली लिहिलंच होतं, माणसांच्या जगापासून चार तास दूर. मोबाईलसुद्धा होडीवाल्याने काढून ठेवले होते. मास्तर मघाशी कुरकुरले होते, "अगं, हाच ओढा आपण दुसऱ्यांदा ओलांडतोय." तिने त्यांनाच दटावलं होतं, "हा तुमचा वर्ग नाहीये. त्या वाटाड्याचा जन्म गेलाय इथे."

"दादा, काहीतरी करा हो! दवाखाना कुठेय?"

वाटाड्या पाठीवरच्या ओझ्यासकट तसाच उभा होता. "लांब आहे, बाई. परत होडी, मग पुढे दोन तास. पाणी पाजा. उतरेल सूज."

"अहो, त्यांना गिळता येत नाहीये!"

तो नुसता मास्तरांच्या निळ्या पडत चाललेल्या ओठांकडे बघत राहिला. असा किती वेळ गेला कोण जाणे. ती त्याच्या पायाशी वाकली, तेव्हा कुठे त्याने खांद्यावरचं ओझं चिखलात टाकलं.

"मला उचलू लागा," तो म्हणाला.

मास्तरांना पाठुंगळी घेऊन तो पायवाट सोडून सरळ झुडपांत घुसला. काट्यांनी ओरबाडून निघत ती मागे धावली. एखादी मुळी, एखादा वैदू, काहीतरी त्याला ठाऊक असणार, एवढ्या आशेवर ती देवाचा धावा करत होती. सातआठ मिनिटं झाली असतील नसतील, झाडं एकदम संपली.

समोर डांबरी रस्ता होता, पांढरे पट्टे मारलेला. दुधाची एक गाडी हॉर्न वाजवत निघून गेली. पलीकडे पंक्चरचं दुकान, औषधांचं दुकान, दवाखान्याची पाटी. आणि अलीकडे, जाहिरातीतल्या त्याच लाकडी घराच्या मागच्या अंगणात दोन माणसं टेम्पोतून गॅसच्या टाक्या उतरवत होती.

तिला क्षणभर वाटलं, आपल्याला भास होतोय. पण वाटाड्या रस्ता ओलांडून दवाखान्यात शिरलासुद्धा होता.

दोन इंजेक्शनं आणि प्राणवायूचा मास्क. अर्ध्या तासाने मास्तरांचा श्वास सुरळीत झाला, तेव्हा ती बाहेर आली. वाटाड्या पायरीवर बसला होता.

"रस्ता इथे होता," ती म्हणाली. "हाकेच्या अंतरावर. आणि तू मला पाणी पाजायला सांगत होतास?"

"मालकांचा हुकूम आहे, बाई. पाहुण्यांना चार तास फिरवून मग आणायचं. त्यांना रस्ता दिसला की आमचं काम गेलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "माझं गेलंच आता."

"तुझं काम! अरे, माझा नवरा जात होता तिथे!"

तिचा हात उठला. वाटाड्या हलला नाही, त्याने मानही फिरवली नाही. ती आणखीच पेटली.

"एवढा हुकमाचा ताबेदार आहेस, तर मग आज कशाला मोडलास हुकूम?"

"मागच्या वेळी नव्हता मोडला," तो म्हणाला.