आधीची नोंद एक

"दाढ दुखतेय हो माझी! छातीला तारा कशाला लावताय?" पारुबाई वैतागल्या.

डॉक्टर सबनीसांनी यंत्राकडे बोट दाखवलं. रोगाचं निदान हल्ली तेच करायचं. डॉक्टरांनी नुसतं 'मान्य' दाबायचं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'हृदयविकाराचा झटका. लक्षण फक्त दाढदुखी. आधीची नोंद एक, स्त्री.'

त्यांनी 'मान्य' दाबून रुग्णवाहिका मागवली. स्ट्रेचरवर चढवताना पारुबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "ती आधीची बाई वाचली ना, डॉक्टर?"

"वाचली की! तुम्हीही वाचाल."

ती आधीची बाई गेली, त्या दिवशी यंत्र 'साधी दाढदुखी' म्हणालं होतं. सबनीसांनी सवयीनं 'मान्य' दाबलं, नाडीही न बघता आपल्या बायकोला दाढेखाली लवंग धरायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.