पुढचं डावं चाक

पुढचं डावं चाक टम्म फुगलं, तरी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेना. पुढच्या डाव्या चाकात हवा कमी, गाडीचं एकच पालुपद.

"सेन्सरच मेलाय," नवरा म्हणाला. "म्हातारी गाडी. उगाच कुरकुर करते."

शेजारी बायको खिडकीबाहेर बघत होती. आठवडा झाला, तिने अबोला धरला होता. कुरकुर करणारी परवडली, असं त्याला होऊन गेलं होतं. दोघं मेहुणीकडे जेवायला निघाली होती. तिथे पोचेपर्यंत ही बोलली नाही, तर सासरची सगळी मंडळी मिळून त्याची शाळा घेणार होती.

उपाय त्याने सगळे करून पाहिले. भाजीला नावं ठेवली म्हणून असेल, तर चार दिवस मिटक्या मारत जेवला. मेहुणीची विचारपूस केली नाही म्हणून असेल, तर फोन करून तिचं गुडघेपुराण अथपासून इतिपर्यंत ऐकलं. ही ढिम्म. हिच्या नव्या कोऱ्या लायसन्सवरून त्याने पाहुण्यांत विनोद केला होता खरा, "फोटो मात्र झकास आलाय हं!" पण त्यावर तर सगळे पोट धरून हसले होते. म्हणजे ते नव्हेच.

वाटेतल्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने हातातलं यंत्र एकेका चाकाशी धरलं. मागच्या उजव्या चाकाशी तो थांबला, वाकला आणि टायरमध्ये रुतलेला खिळा बोटाने दाखवला.

"सेन्सर ठणठणीत आहेत. चाकांची अदलाबदल कोणी केली?"

"मीच. टायर सारखे झिजावेत म्हणून."

"मग गाडीला नको का कळवायला? पुढचं डावं चाक तुम्ही मागे उजवीकडे नेलंत. ते बिचारं तिथून ओरडतंय. गाडी त्याची जुनीच जागा दाखवतेय. आणि तुम्ही हवा भरताय भलत्याच चाकात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!"

पंक्चर निघालं. गाडीला चाकांच्या नव्या जागा शिकवून झाल्या. दिवा विझला. नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला, पण चावी काही फिरवेना. शेवटी त्याने मान वळवली.

"मीसुद्धा भलतीकडेच हवा भरत होतो का गं?"

बायको खाली उतरली. गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली. दार उघडलं. आणि आठवड्यातला पहिला शब्द बोलली.

"सरका."