भिंतीलगतचा बंगला

अणुभट्टीच्या भिंतीला लागून असलेल्या बंगल्यात सचिव नीलांबरी गुप्ते सामान लावत होत्या. मागचा स्फोट झाल्यावर सरकारने कायदाच केला होता. भट्टी पुन्हा सुरू करायला जो अधिकारी परवानगी देईल, त्याने मुलाबाळांसह तिथेच राहायचं. नीलांबरीबाईंनी परवानगी दिली होती आणि उद्या भट्टी सुरू व्हायची होती.

शेजारची चंद्रिका तांडेल आंबोळ्या घेऊन आली.

"मुलगा कुठं दिसत नाही, बाई?"

"सहलीला गेलाय," नीलांबरीबाई पटकन बोलून गेल्या. सौमित्रला त्यांनी गुपचूप नागपूरला बहिणीकडे धाडलं होतं, तिथल्याच शाळेत घातलं होतं.

"येऊ दे सावकाश. आमच्या नाती कालच आल्या. स्फोटापासून मामाकडेच होत्या. सून म्हणाली, मॅडम स्वतःचं लेकरू घेऊन राहायला येतायत, मग आपण कशाला घाबरायचं?"

बाहेर दोन मुली भट्टीच्या भिंतीवर चेंडू आपटत होत्या. नीलांबरीबाईंना चंद्रिकेच्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी प्रकल्पप्रमुखांना फोन लावला.

"उद्या भट्टी सुरू करू नका. मी परवानगी मागे घेतेय."

"कारण काय लिहू, मॅडम?"

चंद्रिका अजून दारातच उभी होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात नीलांबरीबाई म्हणाल्या, "लिहा, परवानगी देणारीने स्वतःचा मुलगा इथं आणला नाही."

चंद्रिकेने नातींना हाक मारली आणि दोघींचे हात घट्ट धरून ती घराकडे चालू लागली.