सासूबाईंनी तोंड उघडलं

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि इलाइतियाचा कोयता हवेतच थांबला.

पण ती नुसती जांभई होती. केलेरा सासूबाईंनी ती सावकाश पुरी केली, जेवणाची टोपली या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि एका झाडाकडे बघत उभ्या राहिल्या. इलाइतियाने श्वास सोडला आणि वाटेत अजिबात न येणारी एक वेल तोडली.

तो या राष्ट्रीय उद्यानाचा वाटाड्या. आज पाहुणे दोनच होते, ब्रिस्बेनचे ग्रॅहम आणि शेरिल. तरी सकाळपासून तो मागे वळून त्यांना पुन्हा पुन्हा मोजत होता. मोजण्याच्या निमित्ताने सासूबाईंकडे बघता येत होतं.

टोपली नेणारी बाई खरं तर दुसरी होती. पण सासूबाई काल राजधानीहून, सुव्याच्या बोटीने परतल्या आणि आज सकाळी "मी नेते" म्हणून निघाल्या. सुव्याला सलोते होती, त्यांची मुलगी, म्हणजे इलाइतियाची बायको. रोज संध्याकाळी गुंगी आणणाऱ्या यांगोनाच्या काठवटीपाशी पीत बसून घर विसरणाऱ्या नवऱ्याला कंटाळून ती "आठ दिवसांत येते" म्हणाली होती. त्याला आता सहा महिने झाले. ती येणार की नाही, हे तावेउनी बेटावर एकट्या सासूबाईंना ठाऊक होतं. आणि त्यांना विचारायची सोय नव्हती. त्यांच्यात सासू-जावई एकमेकांशी बोलत नसतात. लग्न झाल्यापासून त्यांनी त्याला साधं "सरक" म्हटलं नव्हतं. जे काय असेल ते तिसऱ्याच्या तोंडून.

खरी धास्ती त्या बोलतील याचीच होती. मामेभाऊ तेविताची बायको गेली तेव्हा त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. एका सकाळी बाजारात त्याची सासू पुढे आली आणि चारचौघांसारखी म्हणाली, "काय तेविता, वांगी कशी दिली?" तेविता वांगी तिथेच टाकून घरी गेला. सासू बोलली म्हणजे सासू उरली नाही. नातं गेलं.

आज निघताना हाच तेविता फाटकाला रेलून उभा होता. "सासूबाई स्वतः टोपली नेतायत म्हणे! वांग्यांचा भाव विचारला तर कळव रे."

चढ संपला. पाहुणे धापा टाकत ओंडक्यावर बसले. सासूबाईंनी पानात तारोचा उकडलेला कंद वाढला, त्यावर नारळाच्या दुधातली अळूची भाजी. इलाइतियाच्या हातात घास तसाच राहिला.

"शेरिलबाई," तो म्हणाला, "जरा विचारा ना, सुव्याला हवा कशी होती?"

शेरिलने शेजारीच बसलेल्या सासूबाईंना विचारलं.

"सांग त्याला, पाऊस होता."

"आणि माणसं?"

"माणसं भिजलेली होती."

"सगळी?"

"त्याला सांग, भाजी गार होतेय."

शेरिलने चमचा खाली ठेवला. "तुमचं दोघांचं भांडण झालंय का?"

"छे छे! त्या माझ्या सासूबाई आहेत."

"म्हणून बोलत नाही?"

"म्हणूनच."

"ही पद्धत ब्रिस्बेनला न्यायला पाहिजे," ग्रॅहम म्हणाला. शेरिलने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने घाईने मोठा घास भरला.

उतारावर इलाइतियाचं लक्षण काही ठीक नव्हतं. पक्षी दाखवायचा सोडून तो फांदी दाखवत होता. एकाच झाडाची माहिती त्याने दोनदा सांगितली, दोन्ही वेळा वेगळी. मागून सासूबाई खाकरल्या की त्याच्या मानेवर काटा येई. बाई उगीच डोंगर चढत नाही. काहीतरी सांगायला आलीय. गावात चारचौघांत नको, रानात सांगावं, असं असेल. तेवढी भल्या मनाची आहेच ती.

ओढा लागला. वर पाऊस झालेला होता, पाणी गढूळ आणि घाईत होतं. इलाइतिया दगडांवरून पुढे झाला आणि सवयीने मोजायला मागे वळला. ग्रॅहम. शेरिल. सासूबाई.

सासूबाई सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होत्या. त्यांनी एक हात वर केला. त्यांचं तोंड उघडलं आणि ही जांभई नव्हती. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर त्याला त्यांच्या दातांमागे स्पष्ट दिसलं.

संपलं, असं म्हणून त्याने पाय उचलला.

सासूबाईंनी तोंड मिटलं. गर्रकन शेरिलकडे वळल्या आणि रान दणाणेल अशा आवाजात ओरडल्या, "बाई! त्याला सांग, तो दगड हलतोय!"

"कुणाला?"

"अगं, त्या पुढच्याला!"

"इलाइतिया, त्या म्हणतायत की तो..."

दगड हलला. कोयता एकीकडे गेला, इलाइतिया दुसरीकडे. तो बराच खाली जाऊन एका मुळाला लटकला. ग्रॅहमने ओढून काढलं तेव्हा कपाळाला खोक होती, गुडघा सोललेला होता आणि पुढचा एक दात जागेवर नव्हता. काठावर उताणा पडून तो हसत होता. थांबतच नव्हता.

"डोक्याला मार लागलाय," ग्रॅहम घाबरून म्हणाला.

शेरिल मात्र संतापली होती. "अहो, कमाल आहे तुमची! सरळ नाव घेऊन एक हाक मारली असती, तर वाचला असता ना माणूस!"

सासूबाईंनी टोपलीवरचं फडकं ओढ्यात भिजवलं, पिळलं आणि कपाळाला बांधायला शेरिलच्या हातात दिलं.

"माणूस वाचला असता," त्या म्हणाल्या, "जावई गेला असता."