चित्रावरची सावली

टोकियोतल्या वार्षिक प्रदर्शनासाठी चित्रांची निवड चालली होती. मिसाएचं चित्र सलग दोन वर्षं नाकारलं गेलं होतं. "नुसत्या सावल्या रंगवून चित्र होत नसतं," असं मुख्य परीक्षक हिराबायाशी सर तिला सगळ्यांदेखत म्हणाले होते. यंदाही नकार आला तर गावी परतून भावाच्या दुकानात बसायचं, असं तिनं आईला कबूल केलं होतं.

सर दालनात आले तेव्हा ती कोपऱ्यात उभी होती. समोर भलामोठा पांढरा कॅनव्हास होता आणि त्यावर पाठीशी बाळ बांधलेल्या बाईची करडी सावली.

"बाई, जरा बाजूला व्हा," सर मागे न बघताच म्हणाले. "तुमची सावली चित्रावर पडतेय."

सावली हलेना. सर वैतागून वळले. मागे कुणीच नव्हतं.

ते कॅनव्हासजवळ गेले, सावलीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मोठ्यानं हसले.

"हे प्रवेशद्वारासमोर लावा," ते म्हणाले. "मी एकट्यानंच का फसायचं?"

मिसाएनं कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला. सर तिच्याहूनही खाली वाकले.