हँग ऑन, हँग अप

उत्कर्षाने पुन्हा फोन कापला.

इंग्रजी शिकवणाऱ्या पुष्कर सरांच्या पडद्यावर कॉल संपल्याची लाल रेघ उमटली. ग्राहक अजून बोलत होता. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

"अहो उत्कर्षा, हँग ऑन," सर म्हणाले. "हँग ऑन म्हणजे थांबा, लाइनवर राहा. तुम्ही केलंत ते हँग अप. म्हणजे फोन ठेवून देणं. आता काय भिंतीवर रंगवून घेऊ?"

हडपसरच्या कॉल सेंटरमधल्या या बॅचची आज शेवटची परीक्षा होती. समोरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून टीम लीडर ऋषी चिडलेला ग्राहक व्हायचा. त्याचा आवाज फक्त परीक्षा देणाऱ्याच्या कानात. बाकीच्यांना ऐकू यायची ती फक्त उत्तरं. सरावाचे कॉल रेकॉर्ड होत नसत. ग्राहक काहीही बोलो, फोन त्यानेच ठेवायचा, हा इथला पहिला नियम. न कळता कापला तर पुन्हा संधी. कळून कापला तर थेट घरी.

उत्कर्षाचं घर पुसदला. पास झाली तर सोमवारपासून नोकरी. नाही तर ट्रॅव्हल्सने परत, आणि मामाने पाहून ठेवलेलं स्थळ. वडिलांनी पुण्याला पाठवलं होतं ते याच बोलीवर.

सरांना तिचं कोडं सुटत नव्हतं. रसायनशास्त्राची पदवी, स्वभाव शांत, लेखी परीक्षेत एक चूक नाही. सर इंग्रजी क्रियापदांच्या याद्या पाठ करून घेत नसत. प्रत्येक क्रियापद आधी मराठीत सांगायला लावत. पुट थ्रू म्हणजे जोडून देणं, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट अप विथ म्हणजे निमूट सोसणं. जे मराठीत सांगता येत नाही ते तुम्हाला कळलेलं नाही, असं ते म्हणायचे. उत्कर्षा सगळं नीट सांगायची. सर स्वतः ग्राहक झाले की तिचा कॉल व्यवस्थित पार पडायचा. ऋषीचं इंग्रजी वेगवान होतं. तिथे हिचा गोंधळ उडतो, असं सरांचं निदान होतं.

सकाळी तिच्याच खोलीवर राहणारी भाग्यश्री पास झाली होती. ती शेवटपर्यंत लाइनवर राहिली. मग बाहेर जाऊन बराच वेळ तोंड धूत होती.

सरांनी पेन उचललं. भीतीने होतं असं, ते म्हणाले. कारणाच्या जागी 'शब्दांचा गोंधळ' लिहितो, पाणी प्या, पुन्हा कॉल लावू. उत्कर्षाने नेहमीसारखी मान हलवली.

तेवढ्यात ऋषी कॉफीचा मग घेऊन केबिनमधून बाहेर आला.

"पुष्कर, हिला करून टाक रे पास," तो म्हणाला. "इंग्रजी कच्चं असलेलीच बरी. काहीही विचारा, हिला कळतच नाही."

दोन-तीन मुलं हसली. भाग्यश्रीने मान वर केली नाही.

उत्कर्षाने हेडफोन काढला. त्याची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली.

"सर, 'शब्दांचा गोंधळ' लिहू नका."

सरांनी आवाज खाली आणला. दुसरं काही लिहिलं तर पुन्हा कॉल मिळणार नाही, विचार करून बोला, असं त्यांनी सुचवलं. माहीत आहे, ती म्हणाली. मग ऋषीने काय विचारलं ते तिने मराठीत सांगितलं. वर्गात सांगायची तसंच, एकेक वाक्य. आधी बिल जास्त का आलं ते. मग तू कुठल्या खेड्यातली, असं कोण बोलतं ते. मग आत काय घातलं आहेस, कुठल्या रंगाचं, आणि ते जरा हळू सांग. तिने शब्द बदलला नाही, आवाज चढवला नाही. इंग्रजीत तो सराव होता. मराठीत झाल्यावर खोलीत कुणालाच कुणाकडे बघवेना.

ऋषीने कॉफीचा मग खाली ठेवला. खरे ग्राहक याहून वाईट बोलतात, हे सगळं तयारीसाठीच असतं, असं तो सरांकडे बघत म्हणाला.

"खऱ्या ग्राहकाचाही कापीन," उत्कर्षा म्हणाली.

"मलापण हेच विचारलं," भाग्यश्री टेबलाकडे बघत पुटपुटली.

ऋषी काही बोलणार होता. सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग त्यांनी समोरचा कागद पुढे ओढला. ऋषीबद्दल वर कळवावं लागेल, ते म्हणाले. पण नियम नियम आहे. कळून कापला असेल तर तसंच लिहावं लागेल, आणि त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे.

"लिहा," ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं. मग थोडं समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजचा एक कॉल, जाणूनबुजून. आधीच्या चुका मी धरत नाही."

"धरा, सर. त्याही चुका नव्हत्या."