जहाजाची तारीख

भास्कर केतकरांनी बिल ऑफ लेडिंगवरून तिसऱ्यांदा पट्टी फिरवली आणि त्यांची जराशी निराशाच झाली. चूक सापडत नव्हती.

समोर सगुणा शिगवण उभी होती. पालीजवळच्या बेचाळीस बायकांनी मिळून आंब्याच्या पल्पचा कारखाना काढला होता, त्याची ही अध्यक्ष. या खेपेचा कंटेनर जेद्दाला गेला होता. तिथल्या बँकेने एल.सी. दिली होती, म्हणजे कागद अटींशी तंतोतंत जुळले तर पैसे द्यायची हमी. त्यातला मुख्य कागद हे बिल. माल जहाजात चढल्याची जहाज कंपनीची पावती. ते जुळतं की नाही, हे रत्नागिरीच्या शाखेत एकटे भास्कर बघायचे. एकतीस वर्षं बघत होते.

या बाईचे कागद त्यांनी दोनदा परत पाठवले होते. एकदा पोस्ट बॉक्सचा एक आकडा गळला म्हणून, एकदा ‘मँगो’ला शेवटी एक अक्षर जास्त लागलं म्हणून. दोन्ही वेळा चूक त्यांनी सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशी वाचून दाखवली होती. ‘आंबे पिळण्याइतकं सोपं नसतं हे,’ असंही म्हणाले होते. ती मान खाली घालून ऐकत राहिली होती. भास्करांना या लोकांचं हसू यायचं. इंग्रजीची एक ओळ धड वाचता येत नाही, आणि निघाले अरबांना माल विकायला.

“झालं एकदाचं,” ते म्हणाले. “माल चढवायची शेवटची मुदत दहा जून. बिलावर तारीख दहा जून. निर्दोष. करा सही.”

तिने पेन उचललं नाही.

“साहेब, ती तारीख खोटी आहे.”

भास्करांनी चष्म्यावरून बघितलं.

“काल माझ्या लेकीने कागद वाचून दाखवलंन, तेव्हा कळलं. दहाला आमचा कंटेनर बंदराच्या आवारातच होता. माझा दीर तिथे ट्रेलर चालवतो. बाराला चढला तो. जहाज कंपनीच्या एजंटाला फोन केला, तर म्हणाला, मावशी, तुमच्या सोयीसाठीच दहा घातली.”

“मग बरोबरच केलं त्याने.” भास्करांनी आवाज खाली आणला. “हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. बँकेला जहाज दिसत नाही, बाई. बँकेला कागद दिसतो. जगभर हाच नियम आहे.”

“म्हणजे खोटं चालतं?”

“जुळलेलं चालतं. बारा तारीख घातलीत तर माल उशिरा चढला, हमी गेली. मग तो व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावा लागेल. बेचाळीस जणींना काय सांगणार आहात?”

मग तिने कागद गोळा करून पिशवीत घातले. “मी त्यांना विचारून येते,” म्हणाली.

भास्करांनी शेजारच्या टेबलावरच्या नीरजाकडे बघून कपाळाला हात लावला. “आयुष्यभर शिकवलं तरी यांना शिकता यायचं नाही,” ते म्हणाले. सगुणा अजून दरवाजापर्यंतही पोचली नव्हती.

चार दिवसांनी ती नवं बिल घेऊन आली. तारीख बारा जून. भास्करांनी मुद्दाम सावकाश, ठळक अक्षरांत शेरा लिहिला: माल मुदतीनंतर चढवला. कागद जेद्दाला गेले. दहाव्या दिवशी निरोप आला. व्यापारी माल घ्यायला तयार होता, पण आठ टक्के भाव तोडून. भास्करांनी तो निरोप तिला स्वतः वाचून दाखवला. आवाजातला आनंद त्यांना लपवावासा वाटला नाही.

“सांगितलं होतं मी.”

“होय, सांगितलं होतंत.” तिने संमतीपत्रावर सही केली. बाकीच्या बायकांनी आधीच ठराव केला होता. कागद सारून ती म्हणाली, “साहेब, एक विचारू? गेल्या दोन वर्षांत आमची पाच बिलं तुम्ही पास केलीत. त्यांवरच्या तारखा खऱ्या होत्या का?”

“त्या जुळत होत्या.”

“खऱ्या होत्या का, ते विचारतेय.”

भास्करांनी संमतीपत्र ओढून घेतलं आणि त्यावर शिक्का मारला.

“तुम्ही एका अक्षरावरून मला चार माणसांत बोलायचात,” सगुणा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मी ऐकून घ्यायची. घरी येऊन बायकांना सांगायची, माणूस तोंडाचा वाईट आहे, पण त्याच्या हाताखालून खोटं जायचं नाही. एवढ्यासाठी ऐकून घेत होते.”

ती गेली. नीरजा कीबोर्डवर काहीतरी बडवत होती. तिने मान वर केली नाही.

दुपारी जेवायच्या सुट्टीत शाखा रिकामी झाली, तेव्हा भास्करांनी कपाट उघडलं आणि शिगवणबाईंच्या पाचही फायली टेबलावर मांडल्या. प्रत्येक फायलीत दोन तारखा होत्या, एक मुदतीची आणि एक माल चढल्याची. त्या दोन्ही त्यांनी त्या त्या वेळी ताडून बघितल्या होत्या, लाल पेनाने बरोबरची खूण केली होती. पण पाच फायली शेजारी शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

पाचही जहाजांवर माल मुदतीच्या शेवटच्या दिवशीच चढला होता. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. आणि पाचही ठिकाणी खाली त्यांच्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं, निर्दोष.